मंडपाच्या टोकाला उभं राहून ऐकलंस का कधी?

मोबाईल खिशात घाल आणि नीट ऐक. परवा तू वाजवत होतास तेव्हा मी मुद्दाम तुझ्यासमोर उभा नव्हतो. मंडपाच्या उजव्या टोकाला, बायका लेकरांना घेऊन सतरंजीवर बसतात तिथे, खांबापाशी होतो. ठोका येत होता, हाय-हॅटची किरकिर येत होती. ज्या धुनेसाठी तू रात्री जागवल्यास तिचा पत्ता नव्हता. ती डाव्या टॉपमधून, म्हणजे डावीकडच्या वरच्या स्पीकरमधून, निघत होती आणि डावीकडच्या लोकांपाशीच संपत होती. शेजारच्या आजींनी मला विचारलं, "बाजा बंद पडला का जी?" आणि तू मधोमध, कानाला हेडफोन लावून, खुशीत डुलत होतास.

कार्यक्रमानंतर विचारलं तर म्हणालास, "सर, मोनो म्हणजे जुना जमाना." दोन्हीकडून एकच आवाज देणं म्हणजे जुना जमाना, हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही शिकवलं. ॲलन ब्लमलाइनने १९३१ साली स्टिरिओचं पेटंट मागितलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पडद्याकडे तोंड करून बसलेला प्रेक्षक होता. नट एका बाजूला दिसतो आणि आवाज दुसरीकडून येतो, ही त्याची अडचण होती. आजही स्टुडिओत दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं असा समभुज त्रिकोण धरतात. त्या त्रिकोणाच्या टोकावर एकच माणूस मावतो. परवा तो माणूस तू होतास. बाकीचं सौंसर गाव त्रिकोणाबाहेर होतं.

आता हिशेब कर. दोन टॉपमधलं अंतर २० मीटर धर. उजव्या टॉपपासून २ मीटरवर बसलेल्या बाईला डावा टॉप १८ मीटर पडतो. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे डावीकडचं तिच्यापर्यंत जवळजवळ ४५ मिलिसेकंद उशिरा येणार, आणि जवळच्या टॉपच्या दणक्यापुढे अगदी क्षीण होऊन येणार. कान आधी आलेल्या आवाजावर भरवसा टाकतो, हे हेल्मुट हासने १९४९ मध्येच दाखवून दिलं. तू पॅनचा नॉब डावीकडे पूर्ण फिरवलास तेव्हा त्या बाईच्या वाट्याची धून काढून घेतलीस. तू लावलेला पिंग-पाँग डिलेही तसलाच. तुझ्या हेडफोनमध्ये तो झुल्यासारखा इकडून तिकडे जातो, पण टोकाला बसलेल्याला एक सोडून एक प्रतिध्वनी मिळतो आणि त्याच्यापुरती तुझी लय मोडते.

दोन्ही टॉपना मोनो दिलं म्हणजे सगळं आपोआप सुधारतं, असंही समजू नकोस. विशेषतः बेस. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ६ मीटर. बेसच्या पेट्या दोन टोकांना ठेवल्यास, तर ज्या जागी दोघींच्या अंतरात ३ मीटरच्या आसपास फरक पडतो तिथे त्या एकमेकींना खाऊन टाकतात. मधल्या वाटेवर छाती हादरते आणि चार पावलं बाजूला सरकलं की सगळं पोकळ. साउंडवाला पेट्या मधे एकत्र लावायला निघाला होता. तू त्याला अडवलंस, कारण स्टेजसमोर तुझा बॅनर झाकला जात होता. बॅनर ऐकू येतो का रे?

आणि ती वायर! लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली स्टिरिओ पिन तू सरळ मिक्सरच्या एका बॅलन्स्ड चॅनलात खुपसलीस. तो चॅनल दोन तारांमधला फरक तेवढा घेतो, दोन्हीकडे सारखं असेल ते वजा करतो. गाण्यात दोन्हीकडे सारखं काय असतं? गायकाचा आवाज, किक, बेस. म्हणून तुझ्या ट्रॅकमधला गायक नाहीसा झाला आणि त्याच्या मागची घुमक तेवढी उरली. तू साउंडवाल्यावर ओरडलास. तो तुझ्या बापाच्या वयाचा माणूस आहे, दिवसभर उन्हात पेट्या उचलून दमलेला. चूक तुझ्या पिनेची होती. आज संध्याकाळी त्याच्या घरी जायचं आणि माफी मागायची. हे मी सुचवत नाही, सांगतोय.

तू म्हणशील, इलेक्ट्रॉनिक संगीतात जागा हाही एक सूर असतो. अगदी खरं. स्टॉकहाउसेनने १९५६ साली कोलोनला पाच गटांच्या स्पीकरांसाठी रचना सादर केली. पण कुठला आवाज कुठून येणार, हा त्याच्या रचनेचाच भाग होता. तुला तसं करायचं असेल तर कर, मी स्वतः वायरी ओढायला येईन. पण तुझ्या आवाजाची रुंदी एका बटणातून आली होती. ते बटण एका बाजूची लाट उलटी करतं, म्हणून हेडफोनमध्ये आवाज आभाळाएवढा वाटतो. डावं-उजवं एकत्र केलं की तोच आवाज विरतो, कधी पूर्ण नाहीसा होतो. तू ज्या चरणजीत सिंगांचं नाव सारखं घेतोस, त्यांच्या १९८२ च्या रेकॉर्डमधल्या टीबी-३०३ सिंथेसायझरला आवाज बाहेर सोडायचं मुख्य भोक एकच आहे, मोनो. त्या एका भोकातून निघालेल्या सुरावर आज जगभरची पोरं नाचतात.

मिरवणुकीतल्या धुमालवाल्यांना तू नाकं मुरडतोस, तेही मला कळलंय. नागपुरातून निघालेली ती गाडी बघ. ऑक्टापॅड, कॅसिओ, ड्रम, सगळं गाडीवर. लोक पुढे, मागे, दोन्ही अंगांना, आणि गाडी चालती. तिथे कुणाचं डावं आणि कुणाचं उजवं? प्रत्येकाला सगळं ऐकू जायला हवं, या एका गरजेवर त्यांचं पोट चालतं. तुझ्यापेक्षा त्यांना आपला श्रोता जास्त कळतो.

स्टिरिओ मी तुझ्याकडून काढून घेत नाहीये. बंद हॉलमध्ये खुर्च्या मधोमध असतील तर वाजव स्टिरिओ. रेकॉर्डिंगमध्ये तर हवंच. उघड्या मंडपातही घुमक थोडी पसरली तर कुणाचं काही अडत नाही, कारण ती एखाद्याला कमी ऐकू आली तरी गाणं शाबूत राहतं. पण ठोका, बेस, धून आणि गळा दोन्ही पेट्यांतून सारखेच गेले पाहिजेत. निर्णय घरी करायचा नाही. लोक कुठे बसणार, पेट्या कुठे लागणार, हे जागेवर बघून करायचा.

रविवारपर्यंत तुझा प्रत्येक पॅच मोनो करून ऐक. जो आवाज बारीक होतो किंवा पोकळ लागतो तो वहीत लिही आणि बदल. पियानोसाठी मोनो पॅच शोध, काही कीबोर्डांत असतो. पाठीमागे डाव्या भोकाशी 'एल' आणि 'मोनो' असं दोन्ही छापलेलं असेल, तर उजवी पिन काढ. यंत्र दोन्ही बाजू स्वतः जोडून देतं. दोन वायरी एकत्र पिळून जोडायचा उद्योग करू नकोस, यंत्राचं नुकसान होऊ शकतं. लॅपटॉपसाठी डीआय बॉक्स मी काढून ठेवलाय. रविवारी सकाळी आठला ये, लूप चालू करून दे, आणि हेडफोन माझ्या हातात देऊन मंडपाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन ये. कुठे काय ऐकू आलं नाही ते मला सांगायचं. त्यानंतर पॅनच्या नॉबला हात लाव.