चित्रातले हात

गारगोटीत चित्रकला शिक्षक म्हणून नोकरी करत असताना मी बरीच वर्षे दिवंगतांची तैलचित्रेही रंगवून दिली. आमच्या भागात वर्षश्राद्धाच्या आत फोटो भिंतीवर लागावा असा आग्रह असतो आणि बहुतेक घरांत आई-आजीचा एकुलता एक फोटो रेशनकार्डावरचा, नाहीतर आधारकार्डावरचा निघतो. त्यात चेहरा असतो, तोही कॅमेऱ्यापुढे भेदरलेला. बाकीचे सारे चित्रकाराने कल्पनेने भरायचे.

अशीच एका शेतकरी माउलीचे चित्र करून देण्याची विनंती आली. थोरला मुलगा म्हणाला, "सर, गळ्यात बोरमाळ घाला, हातात पाटल्या घाला. सुरकुत्या तेवढ्या जरा कमी करा." मी तसे केले. मांडीवर ठेवलेले दोन हात मी सरळ रविवर्म्याच्या नायिकांवरून उतरवले. बोटे निमुळती, नखे गुलाबी. चित्र न्यायला आले तेव्हा धाकटी मुलगीही बरोबर होती. ती बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "लई छान झालंय सर, पर ह्यो हात आमच्या आईचा न्हवं."

त्यानंतर काही काळाने आजरा, आंबोली, सावंतवाडी अशा मार्गाने आम्ही गोव्याला गेलो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव आहे. १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत ते ठेवलेले आहे आणि ती पेटी फ्लोरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराने घडवलेल्या, १६९८ मध्ये बसवलेल्या उंच स्मारकावर आहे. पेटीच्या पत्र्यांवर संताच्या जीवनातील प्रसंग उठवलेले आहेत. मात्र पेटी इतक्या उंचावर आहे की खाली उभ्या असलेल्या माणसाला केवळ चांदीची लकाकी दिसते. कारागिराने ज्यासाठी डोळे शिणवले ते भक्ताला दिसतच नाही, हे मला त्या दिवशी विलक्षण वाटले.

झेवियरची चित्रे जगभर एका मुद्रेवरून ओळखता येतात. दोन्ही हातांनी तो छातीवरचा झगा उघडतो आहे, नाहीतर हात छातीशी धरून वर पाहतो आहे. या मुद्रेची कथा गोव्याचीच आहे. सेंट पॉल महाविद्यालयाच्या बागेत रात्री प्रार्थना करताना ईश्वरी प्रेमाचा दाह असह्य होऊन तो झगा सैल करी आणि आता पुरे, असे देवालाच विनवी, अशी परंपरा आहे. त्या महाविद्यालयाची आज फक्त दर्शनी कमान उरली आहे. मुद्रा मात्र जपानपर्यंत पोहोचली. कोबे येथील संग्रहालयात सतराव्या शतकातले एका जपानी चित्रकाराचे चित्र आहे. त्यात छातीशी धरलेल्या हातांपाशी ज्वाळांनी वेढलेले हृदय आहे आणि विनवणीचे शब्द संताच्या मुखातून लॅटिन अक्षरांत बाहेर पडताना दाखवले आहेत. चित्रकाराला अक्षरांचा आधार घ्यावा लागला, हे मला त्या चित्रातले सर्वांत प्रामाणिक स्थळ वाटते. आतला अनुभव रंगात येत नाही, हे त्याने जणू मान्यच केले. मी स्वतः मौनी महाराजांच्या नावाच्या विद्यापीठाच्या गावात राहिलो, पाटगावला त्यांच्या समाधीपुढे अनेकदा बसलो. पण मौन कसे रंगवावे हे मला आजवर उमगलेले नाही.

मात्र झेवियरच्या हाताची आणखीही हकीकत आहे. दक्षिण किनाऱ्यावरून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की बाप्तिस्मा देऊन देऊन हात इतका शिणतो की उचलवत नाही. तोच उजवा हात १६१४ मध्ये कोपरापासून विलग करून रोमला नेण्यात आला आणि आजही तेथील जेसू चर्चमध्ये आहे. आणि याच हाताने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायासन (इन्क्विझिशन) स्थापण्याची मागणी केली होती. १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, ते न्यायासन आले आणि १८१२ पर्यंत टिकले. त्या राजवटीत आपली दैवते घेऊन खाडीपलीकडे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आपल्यात आहेत. त्यांना हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. श्रमलेला हात, पत्र लिहिणारा हात आणि छातीवरचा झगा उघडणारा हात एकाच माणसाचे आहेत. कलेने त्यांतला एकच निवडला.

ही निवड अकारण नव्हती. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, प्रतिमांवर आक्षेप घेणाऱ्या सुधारकांना उत्तर म्हणून, चर्चमधील चित्र-शिल्पांचे महत्त्व पुन्हा प्रतिपादन केले. प्रतिमेने भक्ताचे अंतःकरण हलवावे, ही अपेक्षा त्यानंतर दृढ झाली. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये झेवियरसह पाच जणांना संतपद दिले गेले. त्यांत स्पेनमधील आविला गावची तेरेसा होती. गूढानुभवाच्या चित्रणाचा प्रश्न तिच्याइतका दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तीव्र झालेला नसेल.

शिल्पकार बर्निनीने १६४७ ते १६५२ या काळात घडवलेले तिचे शिल्प रोमच्या सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये आहे. देवदूत हातात बाण घेऊन उभा आहे, तेरेसा भान हरपून मागे रेललेली आहे आणि तिचा डावा हात निर्जीव होऊन खाली लोंबतो आहे. मी ते केवळ पुस्तकातल्या छायाचित्रांत पाहिले आहे. बर्निनीला कमी लेखण्याचा माझा अधिकार नाही; त्याच्या दगडी वस्त्राची एक चुणीसुद्धा मला साधणार नाही. पण तेरेसाचे चरित्र वाचल्यावर त्या लोंबत्या हाताकडे पूर्वीसारखे पाहता येईना. १५७७ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ती जिन्यावरून पडली, डावा हात मोडला, तो नीट सांधला गेला नाही आणि उरलेली वर्षे तिला स्वतःचे कपडेही दुसऱ्याच्या मदतीने घालावे लागले. तशा अवस्थेत, झाकलेल्या बैलगाड्यांतून, ती मठ स्थापन करत हिंडत राहिली. १५६२ पासून १५८२ मधील मृत्यूपर्यंत सतरा मठ. भावसमाधीच्या मागे लागू नका, असे ती आपल्या भगिनींना बजावीत असे. स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही देव आहे, असे सांगत असे. तिचे आत्मचरित्र स्पेनच्या धर्मन्यायासनाने तपासणीसाठी ताब्यात घेतले होते. झेवियरने मागितले होते त्याच जातीचे ते न्यायासन, ही इतिहासाची विचित्र गुंतागुंत.

बर्निनीच्या सत्तर वर्षे आधी, १५७६ मध्ये, सेव्हिल येथे हुआन दे ला मिझेरिया नावाच्या एका मठवासी चित्रकाराने ती हयात असताना तिचे चित्र काढले. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. चेहरा जड, प्रौढ, हात जोडलेले, कलाकुसर बेताचीच. चित्र पाहून तिने देवाने चित्रकाराला क्षमा करावी असे म्हटले आणि त्याने आपल्याला कुरूप करून ठेवल्याची तक्रार केली, अशी आख्यायिका आहे. मला ही तक्रार फार जवळची वाटते. साक्षात्कारी स्त्रीलाही आपले सुरकुतलेले रूप सहज मान्य झाले नाही. मग माझ्याकडे येणाऱ्या लेकरांनी सुरकुत्या कमी करायला सांगितल्या, तर त्यांना मी कोणत्या तोंडाने हसावे?

आपल्याकडे जनाबाईच्या चित्राने हा पेच निराळ्या रीतीने सोडवला, असे मला पूर्वी वाटे. दिनदर्शिकेवरच्या त्या चित्रात जनी बेशुद्ध पडत नाही. ती दळते आणि विठ्ठल जात्याला हात लावतो. देव कामाच्या ठिकाणी येतो, काम थांबत नाही. पण त्या मुलीच्या शब्दांनंतर मी ते चित्र पुन्हा पाहिले. खुंटा धरलेले जनीचे हात नितळ, गोरे, लोण्यासारखे आहेत. दळणाऱ्या बाईच्या तळहाताला घट्टे पडतात, हे आपल्या चित्रकारांनाही सोसवले नाही.

ते तैलचित्र मी दुरुस्तीसाठी परत ठेवून घेतले. आईचे हात कसे होते असे विचारल्यावर मुलगी शब्द शोधू लागली आणि मग तिने आपलाच उजवा हात माझ्यापुढे धरला. विळ्याच्या मुठीने वळलेली तर्जनी, अंगठ्याजवळ कापल्याची जुनी पांढरी रेघ, बोटांच्या पेरांत न निघणारा मळ. दोन दुपारी ती माझ्यासमोर बसली आणि मी तो हात रंगवला. त्या मानाने पाटल्या आता फारच चकचकीत दिसू लागल्या होत्या. त्या पुसून टाकू का, असे मी थोरल्याला विचारले.

तो लगेच नाही म्हणाला. थोड्या वेळाने, चित्राकडे न पाहता, त्याने सांगितले की त्याच्या डी.एड.च्या प्रवेशासाठी आईने पाटल्या मोडल्या होत्या आणि त्यानंतर त्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. वळलेल्या तर्जनीच्या त्या हातात मी पाटल्या तशाच ठेवल्या.