बिल्ला कोणासाठी?

दिवाळी सरली की आपल्याकडे संमेलनांचा आणि महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या किनाऱ्यावरची आपली कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी पनवेल-मुंबईला असतात. एखाद्या मोठ्या मेळाव्यात स्वयंसेवक व्हाल का, अशी विचारणा त्यांच्या कॉलेजात होते आणि ती उत्साहाने नाव देतात. पूर्वी हे मेळावे साहित्याचे, संगीताचे, खेळाचे असत. आता त्यांत चाहत्यांच्या मेळाव्यांची भर पडली आहे. २०११ साली दिल्लीत ‘कॉमिक कॉन’ सुरू झाले, पुढे ते मुंबईतही भरू लागले. चित्रकथा, कार्टून आणि सिनेमाचे वेड असलेले हजारो तरुण तिथे आवडत्या पात्राचा वेष करून जमतात.

अशा मेळाव्यांत स्वयंसेवकाच्या वाट्याला काय येते? गळ्यात बिल्ला, अंगात टी-शर्ट, दुपारी जेवणाचे पाकीट आणि शेवटी प्रमाणपत्र. घरी आई-वडील विचारतात, “दिवसभर उभा राहिलास, हातात काय पडलं?” मुलगा म्हणतो, “मी पैशासाठी कुठे गेलो होतो?” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न शांतपणे तपासून पाहावा, असे आम्हाला वाटते. सेवा कशाला म्हणावे आणि फुकटची राबणूक कशाला?

आपल्या मराठी भाषेचा मोठा मेळावा म्हणजे साहित्य संमेलन. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. तिथून ही परंपरा चालत आली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वे संमेलन झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते, म्हणून ते आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आहे. अशा संमेलनात पाहुण्यांना उतरवून घेणे, रांगा लावणे, पाणी देणे ही कामे करणाऱ्याला भाषण ऐकायला मिळतेच असे नाही. आत टाळ्या वाजत असतात आणि हा मंडपाच्या दाराशी उभा असतो. तरीही आपण फसवले गेलो, असे त्याला वाटत नाही. का? कारण पाहुणे आपल्या गावी आले आहेत आणि यजमान आपण आहोत, ही भावना त्याच्या मनात असते. आपल्या गावच्या सणाला जेवण वाढणारे सगळ्यांच्या शेवटी जेवतात आणि कोणी प्रमाणपत्र मागत नाही. तीच ही गोष्ट.

परदेशातही याचे एक चांगले उदाहरण आहे. विज्ञानकथांच्या वाचकांनी १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक संमेलन भरवले. महायुद्धाच्या काळातील खंड सोडला तर ते आजवर चालू आहे. हे संमेलन कोणा कंपनीचे नाही. ते दरवेळी वाचकच उभे करतात. तिथली रीत अशी की, काम करणारा माणूसदेखील आधी स्वतःची सभासद वर्गणी भरतो. म्हणजे राबायचे ते राबायचे, आणि वर पैसेही द्यायचे! ऐकायला हे विचित्र वाटेल. पण घर आपले आहे असे मानले, की आपल्याच घरात झाडू मारण्याची मजुरी कोणी मागत नाही.

आता याच न्यूयॉर्कमधली दुसरी गोष्ट पाहा. आपल्याकडे क्रिकेटचे वेड, तसे अमेरिकेत बेसबॉलचे. २०१३ साली तिथल्या प्रमुख बेसबॉल लीगने आपल्या मानाच्या वार्षिक सामन्याच्या निमित्ताने ‘फॅनफेस्ट’ नावाचा पाच दिवसांचा चाहत्यांचा मेळावा भरवला. त्या आठवड्यातल्या सर्व कार्यक्रमांसाठी मिळून सुमारे २,००० स्वयंसेवक घेतले होते. त्यांना पगार नव्हता. शर्ट, टोपी, पिशवी, पाण्याची बाटली, चेंडू अशा वस्तू मिळाल्या. त्यांच्यापैकी एकाने कोर्टात दाद मागितली : लीग धंदा करते, मग आम्हाला किमान वेतन का नाही? २०१५ साली अपिलातही दावा फेटाळला गेला. पण कोर्टाने हे काम म्हणजे सेवा आहे, असा निवाडा दिला नाही. थोड्या दिवसांपुरत्या चालणाऱ्या करमणुकीच्या ठिकाणांना किमान वेतनाच्या कायद्यातून सूट आहे, एवढ्याच आधारावर निकाल लागला.

इथेच विचार करायला हवा. कायद्याने सूट दिली म्हणून न्याय झाला, असे होत नाही. तिकीट लावून, जाहिराती घेऊन जो मेळावा भरतो, त्यात मंडपवाल्याला पैसे मिळतात, लाऊडस्पीकरवाल्याला मिळतात, पहारेकऱ्याला मिळतात. मग त्यांच्याच शेजारी दहा तास उभ्या राहिलेल्या मुलीच्या कष्टांनाच तेवढे ‘सेवा’ म्हणायचे का? आवडत्या कलाकाराला जवळून पाहायची तिची हौस हीच तिची मजुरी ठरवणे, हा तिच्या चांगुलपणाचा गैरफायदा आहे. सेवा हा शब्द मोठा आहे. मजुरी वाचवण्यासाठी तो वापरू नये.

पण एवढ्यावर प्रश्न संपत नाही. मेळावा कोणाचाही असो, दारात येणारा माणूस खराच असतो. तहान लागलेली आजी, गर्दीत हात सुटलेले मूल, पायऱ्या न चढता येणारा अपंग तरुण यांना संयोजकांच्या हिशेबाशी देणेघेणे नसते. त्यांना समोर दिसतो तो बिल्ला.

१६ एप्रिल २०२३ हा दिवस आपला जिल्हा विसरणार नाही. खारघरच्या उघड्या मैदानावर रेवदंड्याचे आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला. त्यांच्यावर श्रद्धा असलेले लाखो लोक जमले होते. स्वच्छता आणि वृक्षारोपण यांसाठी आपला वेळ देणारी ही माणसे. भर उन्हात तासन्‌तास बसल्यामुळे उष्माघाताने १४ जण दगावले. दोष कोणाचा, हे ठरवणे आमचे काम नाही. पण एवढे मात्र त्यातून शिकावे, की शिस्त, श्रद्धा आणि सेवाभाव भरपूर असूनही सावली आणि पाणी यांची जागा त्यांनी भरून निघत नाही. आणि कोणाला घेरी येते आहे, हे व्यासपीठावरून दिसत नाही. ते सर्वांत आधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिसते.

म्हणून बिल्ला म्हणजे मान नव्हे, ती जबाबदारी आहे. बिल्ला मिळाला की काहींचा आवाज चढतो. रांगेतल्या म्हाताऱ्याला ते दरडावतात आणि मित्रांना मागच्या दाराने आत सोडतात. अशाने प्रमाणपत्र मिळेल, पण सेवा घडणार नाही. उलट, “जागा सोडू नकोस” असा हुकूम असताना कोसळणाऱ्या माणसाकडे जो धावतो, त्यालाच आपण कशासाठी उभे आहोत ते कळलेले असते.

आमच्या तरुण मित्रांनो, तुम्ही जरूर जा. अनोळखी माणसांच्या उपयोगी पडण्यातला आनंद घरात बसून मिळत नाही. पण नाव देण्याआधी चार गोष्टी विचारा. आमच्या कष्टांचा लाभ कोणाला होणार? कामाचे तास किती आणि विसावा केव्हा? गर्दीसाठी पाणी, सावली, डॉक्टर यांची सोय काय? आणि रात्री घरी पोचवणार कसे? कार्यक्रम संपेपर्यंत मांडव्याची शेवटची लाँच निघून गेलेली असते. २०२४ पासून अटल सेतू झाला असला, तरी गाडी नसलेल्या मुलीला तो काय उपयोगाचा! हे विचारणे उद्धटपणाचे नाही. जो या प्रश्नांनी रागावतो, त्याचा बिल्ला घेऊ नये. धंद्याचा मेळावा असेल तर मजुरी मागायलाही लाजू नये. मजुरी घेऊनही माणसाशी मायेने वागता येते.

आई-वडिलांनाही एक विनंती. मूल दमून घरी आले, की “काय मिळालं?” एवढेच विचारू नका. “आज कोणाच्या उपयोगी पडलास?” हेही विचारा. त्याला सांगण्यासारखे काही असेल, तर त्याचा दिवस फुकट गेला नाही, असे खुशाल समजा.