उणे चार अंशांचे आकर्षण

हवामानाचा छंद जोपासणाऱ्या माणसांचा एक मोठा समुदाय गेल्या दोन दशकांत भारतातल्या बहुतेक शहरांत तयार झाला आहे. संगणकीय हवामान प्रारूपांचे, म्हणजे वातावरणाच्या भौतिक नियमांवरून पुढच्या दहा-पंधरा दिवसांची स्थिती गणिताने काढणाऱ्या पद्धतींचे, निकाल आता घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे एके काळी फक्त वेधशाळांच्या हाती असलेले साधन या हौशी अभ्यासकांच्याही हाती आले आहे. अमेरिकेचे ‘जीएफएस’ प्रारूप दिवसातून चार वेळा चालवले जाते आणि दर वेळी त्याचा नकाशा थोडा बदलून येतो. महाराष्ट्रात महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे म्हणतात; नेमक्या त्याच सुमारास एखाद्या नकाशावर राजस्थानभर गडद जांभळा पट्टा उमटला, की या मंडळींच्या चर्चेला उधाण येते आणि पारा किती खाली जाईल याच्या पैजा लागतात. या उत्साहात ज्ञानाची ओढ आहे, निसर्गाविषयीचे खरे कुतूहल आहे, आणि त्याचा आदर केलाच पाहिजे. मात्र कडाक्याची थंडी यावी अशी सुप्त इच्छा मनात असलेल्या माणसाने थंडीचा अंदाज सांगावा कसा, हा नीतीचा प्रश्न आहे आणि तो फारसा विचारला जात नाही.

उत्तर भारतातली थंडीची लाट बहुधा पश्चिमी झंझावाताच्या पाठोपाठ येते. पश्चिमी झंझावात म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकत येणारी कमी दाबाची प्रणाली. ती हिमालयात बर्फ आणि मैदानात थोडा पाऊस देऊन पुढे गेली, की वायव्येकडून कोरडे, थंड वारे राजस्थानात उतरतात, आकाश निरभ्र होते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अवकाशात विनाअडथळा सोडून देते. पण पहिल्यामागोमाग दुसरा झंझावात लगेच आला, तर ढगांचे पांघरूण ही उष्णता अडवते आणि अपेक्षित लाट विरून जाते. सारा खेळ अशा एक-दोन दिवसांच्या अंतरावर अवलंबून असल्यामुळे दहा दिवस आधी ठाम आकडा सांगणे शास्त्राला परवडत नाही. सुरुवातीच्या मोजमापातला अगदी लहान फरकही पुढे मोठा होत जातो, हे एडवर्ड लॉरेंझ यांनी 1963 मध्ये दाखवले, आणि त्यावरचा व्यवहारी मार्ग म्हणून 1992 पासून युरोप व अमेरिकेतल्या केंद्रांनी समूह-अंदाज सुरू केले. समूह-अंदाजात एकच प्रारूप किंचित वेगवेगळ्या आरंभस्थितींतून अनेकदा चालवतात. युरोपीय केंद्राच्या समूहात असे पन्नासहून अधिक निकाल असतात आणि त्यांच्या पसाऱ्यावरून शक्यता काढली जाते. या पन्नासांतला सर्वांत थंड निकाल उचलून तेवढाच नकाशा दाखवणारा माणूस खोटा नकाशा दाखवत नाही, कारण तो नकाशा प्रारूपातूनच आलेला असतो. तरीही त्याने उरलेले सगळे निकाल झाकून ठेवलेले असतात, आणि पाहणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

जानेवारी 2023 चे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. 14 ते 19 जानेवारीच्या दरम्यान उत्तर भारताच्या मैदानात तापमान उणे 4 ते अधिक 2 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जाऊ शकते, असा अंदाज तेव्हा एका हौशी हवामान अभ्यासकाने मांडला आणि तो देशभर गाजला. प्रत्यक्षात 16 जानेवारीला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान 1.4 अंश नोंदले गेले, तर चुरू आणि फतेहपूर शेखावाटी इथे पारा शून्याखाली उतरला. म्हणजे पट्टा म्हणून पाहिले, तर तो अंदाज फार चुकला असे म्हणता येणार नाही. पण बातम्यांच्या मथळ्यांत पट्ट्याचे खालचे टोक तेवढे उरले, वरचे गळून पडले, आणि ‘मैदानात उणे चार’ हे वाक्य दिल्ली, जयपूर, लखनौ अशा सगळ्या शहरांतल्या वाचकाने आपापल्या गल्लीला लावून घेतले. इथे दोष कोणा एकाचा नाही. अंदाज सांगणारा, तो छापणारा आणि तो पुढे पाठवणारा अशा तिघांनाही थरार हवा होता, आणि त्या हव्यासातून अनिश्चितता हळूहळू खरवडून काढली गेली.

चांगला अंदाज म्हणजे काय, याचे उत्तर अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ॲलन मर्फी यांनी 1993 मध्ये तीन कसोट्यांत दिले. अंदाज प्रत्यक्षाशी जुळला पाहिजे आणि ऐकणाऱ्याच्या निर्णयाला उपयोगी पडला पाहिजे, या दोन कसोट्या कोणालाही सुचतील. तिसरी मात्र थेट अंतःकरणाला हात घालणारी आहे. सांगणाऱ्याच्या मनात जेवढी खात्री आहे तेवढीच त्याच्या शब्दांत उतरली पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. मनात दहांपैकी तीन इतकी शक्यता वाटत असताना ‘लाट येणारच’ असे जाहीर करणारा माणूस, पुढे लाट आली तरी, अप्रामाणिकच ठरतो, कारण त्याचे बोलणे आकाशाशी जुळले असले तरी त्याच्या स्वतःच्या समजुतीशी जुळलेले नव्हते. या कसोटीचे महत्त्व असे, की तिचा परीक्षक बाहेर कुठेच नाही.

भारतीय हवामान विभागाने थंडीच्या लाटेची व्याख्या आकड्यांत बांधून ठेवली आहे, आणि ती समजून घेतली की हंगामाच्या अखेरीचा एक गोंधळ सुटतो. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली असून ते सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट, आणि फरक त्याहून मोठा असेल तर तीव्र लाट मानली जाते. याशिवाय सरासरी काहीही असो, पारा 4 अंशांवर किंवा खाली आला तर लाट आणि 2 अंशांवर किंवा खाली आला तर तीव्र लाट जाहीर होते. फेब्रुवारीत जयपूरचे सरासरी किमान तापमान 11 अंशांच्या आसपास धरले, तर साडेसहा अंशांनाही लाट म्हणता येते. जानेवारीच्या मध्यात हाच आकडा कोणाच्या खिजगणतीत नसतो. तेव्हा फेब्रुवारीतली लाट ही मुख्यतः सरासरीपासूनच्या फरकाची लाट असते, हे न सांगता नुसता ‘थंडीची लाट’ हा शब्द फिरवला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शून्याचा काटा उभा राहतो. उलट, उशिरा आलेली ही मध्यम थंडी अगदीच किरकोळ आहे असे समजणेही चूक, कारण तोवर रजया पेटीत गेलेल्या असतात आणि पिके सर्वांत नाजूक अवस्थेत असतात. फेब्रुवारी 2008 मध्ये उत्तरेकडची थंडी थेट महाराष्ट्रात उतरली, मुंबईत सांताक्रूझला पारा 10 अंशांच्या खाली गेला, आणि नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांची तेव्हा झालेली धावपळ अनेकांच्या स्मरणात असेल.

आकडा मोजला कुठे जातो, हा प्रश्नही नीतीपासून दूरचा नाही. जयपूरचे म्हणून जे किमान तापमान सांगितले जाते ते सांगानेर विमानतळाच्या परिसरातले असते, आणि, उदाहरणार्थ, शहरातली शास्त्री नगर ही वस्ती तिथून बारा-तेरा किलोमीटर उत्तरेला, नाहरगडाच्या डोंगररांगेच्या पश्चिमेकडे आहे. तापमापक स्टीव्हन्सन पेटीत, म्हणजे चारी बाजूंनी झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात, जेणेकरून ऊन, पाऊस किंवा तापलेली जमीन यांचा थेट परिणाम टळून फक्त हवेचे तापमान मिळावे. निरभ्र आणि निवांत रात्री जमिनीलगतची हवा या उंचीवरल्या हवेपेक्षा कित्येकदा काही अंशांनी थंड असते. म्हणूनच पेटीतला पारा 3-4 अंशांवर असतानाही शेतातल्या पानांवर दव गोठलेले दिसते. शास्त्री नगरात कांवटिया रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे. अशा कोणत्याही रुग्णालयाबाहेर फरशीवर चादर अंथरून रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला जी हवा लागते, ती पेटीत मोजलेली हवा नसते. याउलट काँक्रीटची उष्णता धरून ठेवणाऱ्या दाट वस्तीत, गच्चीच्या कठड्याला टांगलेला हौशी माणसाचा तापमापक दोन अंश जास्तही दाखवू शकतो. याच वस्तीत प्रादेशिक विज्ञान केंद्र आणि सायन्स पार्क आहे. तिथे येणाऱ्या शाळकरी मुलांना पृथ्वीवरच्या विक्रमी थंडीचे आकडे सांगण्याआधी एकाच रात्री एकाच शहराचे तापमान जागोजागी किती वेगळे असते हे दाखवता आले, तर पुढच्या पिढीतले हौशी अभ्यासक अधिक सावध निपजतील.

थराराच्या ओढीचा सर्वांत गंभीर परिणाम मात्र याहून खोल आहे. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 13 देशांतल्या सात कोटींहून अधिक मृत्यूंचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, आणि त्यातून असे दिसले की उष्णतेपेक्षा थंडीशी निगडित मृत्यू कितीतरी जास्त असतात, पण त्यांतले बहुसंख्य विक्रमी थंडीच्या दिवशी होत नाहीत, ते नेहमीच्या, मध्यम थंडीच्या अनेक दिवसांवर विखुरलेले असतात. भारतातल्या मृत्यूंच्या देशव्यापी नमुन्यावर आधारलेला 2018 चा एक अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, श्वसनाचे विकार बळावतात. वृद्धांच्या आणि दुर्बळ हृदयांच्या बाबतीत हे काम नऊ-दहा अंशांची साधी रात्रही करते. तिची बातमी होत नाही, तिच्यावर पैज लागत नाही, तिचा नकाशा कोणी जपून ठेवत नाही. ज्या रात्रीकडे सर्वांचे लक्ष असते त्या रात्री शेकोट्या पेटतात, ब्लँकेटे वाटली जातात, रैनबसेऱ्यांची, म्हणजे बेघरांसाठीच्या रात्र-निवाऱ्यांची, पाहणी होते. आणि जीव मात्र त्या आधीच्या आणि नंतरच्या बिननावाच्या रात्रींत जास्त जातात. हवामानाच्या छंदाला करुणेची जोड द्यायची असेल, तर ती इथे द्यावी लागेल.

यावर एक उपाय सुचवला जातो, तो असा की हौशी मंडळींनी बोलूच नये, सारे काही हवामान विभागावर सोपवावे. इतिहास मात्र मौनाला निर्दोष ठरवत नाही. ब्रिटनमध्ये ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय यांनी 1861 मध्ये वादळाचे इशारे आणि वृत्तपत्रांतून रोजचे अंदाज सुरू केले. चुकलेल्या अंदाजांवरून त्यांच्यावर झोड उठली, 1865 मध्ये त्यांनी आत्महत्या केली, आणि पाठोपाठ चौकशी समितीने या अंदाजांना शास्त्रीय आधार पुरेसा नाही असे ठरवल्यावर अंदाज आणि इशारे दोन्ही थांबवण्यात आले. विद्वानांना हे मौन प्रतिष्ठेचे वाटले असेल, पण समुद्रावर जाणाऱ्यांना ते परवडले नाही. त्यांच्या आग्रहामुळे 1867 मध्ये वादळाचे इशारे पुन्हा सुरू करावे लागले. अपुरा पण प्रामाणिक इशारा मिळावा, ही ज्यांचा जीव पणाला लागतो त्यांची मागणी असते. भारतातही 1864 चे कोलकात्याचे चक्रीवादळ आणि 1866 चा दुष्काळ यांच्यानंतरच 1875 मध्ये हवामान विभाग स्थापन झाला.

जयपूरच्या जंतरमंतरवर दर आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी ज्योतिषी सम्राट यंत्रावर चढतात, ध्वजाच्या साहाय्याने वाऱ्याची दिशा पाहतात आणि त्यावरून पावसाचे भाकीत सांगतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीतून असेच भाकीत निघते. या परंपरांची खरी उणीव श्रद्धेत नाही. मागच्या वीस वर्षांत काय सांगितले आणि काय घडले, याची वही कोणी ठेवत नाही, ही ती उणीव आहे. महासंगणकाचे निकाल वाचणारा हौशी अभ्यासक जुळलेली भाकिते मिरवत असेल आणि फसलेली पुसून टाकत असेल, तर त्याच्या हातातले साधन आधुनिक असले तरी त्याची रीत जुनीच आहे. 1950 मध्ये ग्लेन ब्रायर यांनी शक्यतेच्या भाषेत दिलेल्या अंदाजांना गुण देण्याची साधी गणिती रीत मांडली. ‘तीस टक्के’ असे शंभर वेळा सांगितले असेल तर त्यांतल्या साधारण तीस वेळा ती गोष्ट घडली पाहिजे, ही तिच्यामागची अपेक्षा. अशी वही जाहीरपणे ठेवणे हौशी माणसाला अवघड नाही.

शक्यता सांगण्याचा आग्रह हा शास्त्राचा शिष्टाचार नव्हे, तो ऐकणाऱ्याच्या अधिकाराचा प्रश्न आहे. जयपूरजवळच्या जोबनेर भागातल्या मोहरीच्या शेतकऱ्याला पाला पडण्याची, म्हणजे दव गोठून पीक जळण्याची, शक्यता दहांपैकी दोन असली तरी रात्री हलके पाणी देणे परवडते, कारण एका पाण्याचा खर्च फुलोऱ्यातले पीक जाण्याच्या मानाने थोडा असतो. निवाऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या पालिकेच्या अधिकाऱ्याने तर दहांपैकी एक शक्यतेवरही तंबू आणखी आठवडाभर उभे ठेवावेत. शाळा बंद ठेवायची की नाही हे ठरवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याला मात्र याहून बरीच अधिक खात्री लागेल. या तिघांना ‘भीषण थंडी येतेय’ एवढेच ऐकवले, तर प्रत्येकाचा निर्णय सांगणाऱ्यानेच घेऊन टाकलेला असतो, आणि चूक झाल्यास तिची किंमत त्याला स्वतःला एका पैशाचीही पडत नाही. ‘येत्या बुधवार-गुरुवारी सांगानेरला किमान तापमान बहुधा 5 ते 9 अंशांच्या दरम्यान राहील, 4 अंशांखाली जाण्याची शक्यता दहांपैकी दोन, उघड्या शेतात जमिनीलगत त्याहून दोन-तीन अंश कमी, मागून दुसरा झंझावात लवकर आला तर हा अंदाज बदलेल, आणि अधिकृत इशारा हवामान विभागाचाच मानावा’ इतके लिहायला पाच ओळी पुरतात. त्या कोणी उत्साहाने पुढे पाठवणार नाही. पण जोबनेरच्या शेतकऱ्याला पंप रात्री किती वाजता सुरू करायचा, हे त्या ओळींवरून ठरवता येते.