पाखरांचा वाटा



आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला, नाथसागर आहे. आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी तेथे जाऊन आले असतील. गोदावरीवरील या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध आणि त्यामागे उथळ, पसरट पाणी. ते उथळ आहे म्हणूनच तेथे पाणवनस्पती, किडे, मासे वाढले आणि त्यांच्यामागून पाखरे आली. १९८६ साली शासनाने सुमारे ३४० चौरस किलोमीटरचा हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केला. थंडीत तेथे रोहित येतात, चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा एक पाणपक्षी थव्याथव्याने पोहताना दिसतो. त्याचे मराठी नाव वारकरी. पैठणच्या पाण्यावर हे नाव शोभते!

अशा ठिकाणी मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आठवतोच. पाखरांना नांगर नाही, कणगी नाही, तरी स्वर्गीय पिता त्यांची काळजी वाहतो, असे प्रभूने शिकवले. आपण हे ऐकतो, मान डोलावतो आणि घरी जातो. पण पिता पाखरांना जेवू घालतो ते कोणाच्या ताटातून?

रस्त्याच्या कडेला सूर्यफुलाचे शेत लागले तर थांबून पाहा. सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे वळत राहते, तसे आपण देवाकडे वळावे, हा दृष्टांत प्रवचनांत नेहमी येतो. तो अर्धाच खरा आहे. कोवळे रोप सूर्यामागे वळते. फूल पूर्ण उमलले की ते पूर्वेकडे तोंड करून स्थिर उभे राहते. सकाळचे ऊन त्यावर लवकर पडते, ते लवकर तापते आणि मधमाश्या अधिक येतात, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले. (जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला का असे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा.) मग दाणे भरतात, फूल मान खाली घालते आणि नेमक्या त्याच दिवसांत राघूंचे थवे उतरतात.

तेव्हा शेतकऱ्याचे सगळे घर राखणीला लागते. पहाटेपासून गोफण, पत्र्याचा डबा, आरोळ्या. मराठवाड्यात एके काळी सूर्यफूल भरपूर होते. आता बहुतेक रानात सोयाबीन आणि कापूस आहे. भाव पडले, बाहेरचे स्वस्त तेल आले, ही कारणे आहेतच. पण पाखरांपुढे टिकाव लागत नाही, हेही शेतकरी सांगतात. डबा बडवून हात दुखलेल्या त्या माऊलीला पाखरांकडे पाहा असे सांगायला माझी तरी जीभ रेटत नाही. ती दिवसभर त्यांच्याकडेच पाहत असते.

आणि नाथसागराच्या तळाशी काय आहे? शंभरावर गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या. गोदाकाठची काळी, कसदार माती ती. पाणी फार आटले की जुन्या गावांचे अवशेष उघडे पडतात. ज्यांनी घर सोडले, त्यांच्या जागेवर आज रोहित पक्षी उभे आहेत आणि त्याच जागेचे पाणी आपल्या शहराच्या नळांना येते. नळाला पाणी किती दिवसांनी आले, यावर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. ते कोणाच्या अंगणावरून येते, हे क्वचितच विचारतो.

निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षाचा नियम आहे. त्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. तिच्यात आपोआप उगवेल ते गरिबांनी खायचे आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी. गरीब आणि जनावर एकाच नियमात आहेत, आणि क्रमही लागलेला आहे. वाटा सोडायचा तो मात्र जमिनीच्या मालकाने, म्हणजे ज्याच्यापाशी आहे त्याने. पाखरांची किंमत एकट्या लहान शेतकऱ्याने मोजावी आणि बाकीच्यांनी दुर्बीण लावून पाहावे, असे तेथे लिहिलेले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे काढले नाही, ते याच कारणाने.

ज्यांच्या नावाने हा सागर ओळखला जातो, त्या संत एकनाथांची गोष्ट तर महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. रामेश्वरासाठी दूरवरून आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजले. कावड त्यांच्याच खांद्यावरची होती, हे विसरू नका.

या थंडीत नाथसागरावर जाणार असाल तर पहाटेच निघा, उन्हे चढली की पाखरे लांब जातात. मोठ्याने गाणी नकोत, प्लॅस्टिक परत आणा. पाणपक्ष्याचे मटण कोणी देऊ केले तर सरळ नाही म्हणा. ती शिकार आहे आणि गुन्हाही. मासे घेतलेत तर कोळ्याशी फार घासाघीस करू नका. आणि फोटोसाठी सूर्यफुलाच्या उभ्या पिकात शिरू नका. बांधावर राखणदार असेल तर आधी ‘दादा, आत येऊ का?’ असे विचारा, आणि वेळ असेल तर तासभर त्याच्याबरोबर डबा वाजवा.