दोन ओळी वजा

गणपतीला पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणला आजीकडे आलेली नात पडवीच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. घरात रेंज यायची ती तेवढ्याच जागी. नोकरी पुण्यात. उरलेल्या वेळात ती लिनक्सच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले, सेन्सरचे ड्रायव्हर तपासायची. चिप आणि कर्नल यांचं बोलणं जुळवून देणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. या तपासणीचे तिला पैसे मिळत नव्हते.

त्या दिवशी आलेला पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, अगदी लहान होता. दोन ओळी वजा, नवी एकही नाही. पाठवणारा कुठल्याशा कॉलेजातला मुलगा, कर्नलमधलं त्याचं हे पहिलंच काम. कंपायलर तक्रार करत होता की ‘स्टेटस’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये किंमत भरली जाते, पण पुढे ती कुठेच वापरली जात नाही. मुलाने व्हेरिएबल काढलं आणि त्यात किंमत भरणारी ओळही काढली. कोड कंपाइल झाला, इशारा गेला. वर लिहिलं होतं, ‘न वापरलेलं व्हेरिएबल काढलं.’

असे पॅच रोज येतात आणि यायलाच हवेत. 1991 पासून वाढत आलेल्या कोडमध्ये केरकचरा साचतोच, आणि नव्या माणसाने आत शिरावं ते याच दाराने. पण दोन ओळींचा पॅच पाहून तपासणाऱ्याचा हात ‘ठीक आहे’ लिहायला आपोआप पुढे होतो, आणि मला या कामातली खरी जोखीम तिथेच दिसते. मोठा बदल सगळे डोळ्यांत तेल घालून वाचतात.

तिने हात आवरला. काढलेली ओळ चिपमधलं एक रजिस्टर, म्हणजे किंमत साठवणारा छोटा कप्पा, वाचत होती. वाचलेली किंमत कुणाला नको होती, हे खरंच. मग लिहिणाऱ्याने ते वाचलं कशाला? तिने चिपची डेटाशीट उघडली. रजिस्टरांच्या तक्त्यात एक बारीक टीप होती: हे रजिस्टर वाचलं की इंटरप्ट, म्हणजे चिपने दिलेली सूचना, पुसला जातो. म्हणजे ती ओळ किमतीसाठी नव्हतीच. सूचना पोचली, आता पुढची दे, एवढं सांगण्यासाठी ते वाचन होतं.

तीच चिप पडवीबाहेरच्या पर्जन्यमापकाला जोडलेली होती. फनेलखाली दोन कप्प्यांची छोटी पन्हाळी. 0.2 मिलिमीटर पाऊस साठला की ती कलंडते आणि चिपला एक ठोका मिळतो. तिने मुलाचा पॅच घालून कर्नल चालू केला आणि आजीला हाक मारली.

“आजी, तांब्याने जरा पाणी ओत गं यात. हळूहळू.”

आजीने धार धरली. पन्हाळी कलंडली, पडद्यावर 1 आला. पन्हाळी पुन्हा कलंडली, पुन्हा कलंडली. पडद्यावर 1 तो 1च.

“अगो बाय, पाणी तर जातंय की खाली!”

“जातंय गं. मोजलं जात नाहीये.”

पहिली सूचना पुसलीच नव्हती, म्हणून चिप पुढची देत नव्हती. कुठे बिघाड दिसत नव्हता, कुठे लाल अक्षर नव्हतं. आकडा म्हणत होता, पाऊस थांबला. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळियेवर आणि पोलादपूरच्या केवनाळे, सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, त्या मुलखात पाऊस थांबल्याचं खोटं सांगणारं यंत्र नसलेल्या यंत्रापेक्षा वाईट.

असं पूर्वी घडलेलं आहे. 2006 साली डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या एका देखभाल करणाऱ्याने ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या कोडमधल्या दोन ओळी काढल्या, कारण तपासणीचं साधन त्यांच्यावर इशारा देत होतं. काढण्याआधी त्याने ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंही होतं, पण कुणी अडवलं नाही. मे 2008 मध्ये चूक उघड झाली तेव्हा कळलं, की त्या ओळी गेल्यामुळे त्या काळात बनलेल्या गुप्त किल्ल्या एकेका प्रकारात जेमतेम 32,768 पैकीच एक असू शकत होत्या. सगळा दोष ओळी काढणाऱ्याच्या माथी मारला जातो. मला मात्र विचारल्यावर ज्यांनी घाईत मान डोलावली, त्यांची जबाबदारी जास्त वाटते.

नातीला मुलाला झापता आलं असतं. तिने तसं केलं नाही. मूळ ओळीवर एका अक्षराची टीप नव्हती, मग त्याला कळणार कसं? तिने लिहिलं: ‘इशारा बरोबर आहे, व्हेरिएबल नकोच. पण वाचन राहू दे. डेटाशीटमधला हा तक्ता पाहा. वाचन का हवं, ते ओळीच्या वर लिही. तुझ्याकडे ही चिप नसेल तर फक्त कंपाइल करून पाहिलं आहे असं स्पष्ट लिहायचं, त्यात कमीपणा नाही.’

दुसऱ्या दिवशी सुधारलेला पॅच आला. व्हेरिएबल गेलं होतं, वाचन जागेवर होतं, वर टीप होती. आजीने पुन्हा तांब्या आणला. आकडे ओळीने चढत गेले, आणि नातीने पॅचखाली ‘रिव्ह्यूड-बाय’ लिहून आपलं नाव घातलं.

पुढच्या आठवड्यात त्याच मुलाचा आणखी एक पॅच आला, एक ओळ अधिक. दुसऱ्या एका ड्रायव्हरमधलं असंच वाचन कुणीतरी साफसफाईत उडवलं होतं आणि ते मंजूरही झालं होतं. मुलाने ते परत आणलं होतं. कोणत्या बदलाने ते गेलं, डेटाशीटच्या कोणत्या पानावर कारण आहे, सगळं लिहिलं होतं. नातीने त्या चिपची डेटाशीट उतरवून घेतली आणि ते पान काढलं.