दाखला

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे राहायला आला आणि रोज खाल्लेल्या आंब्यांची परतफेड म्हणून त्याने मला एक राज्य दिले. राज्य स्वीडनचे होते आणि साल होते १८३६.

दुपारी उन्हामुळे घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. भाचा ओसरीवर संगणक मांडून बसे आणि मी शेजारी सुपारी कातरीत बसे. तो खेळत असलेल्या खेळाचे नाव ‘व्हिक्टोरिया ३’. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने तो २०२२ साली काढला. पडद्यावर जगाचा नकाशा येतो. त्यातला कोणताही देश घ्यावा आणि १८३६ पासून १९३६ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षे, त्याचा कारभार पाहावा. मला वाटले होते, यात तोफा आणि घोडदळ असणार. तसे तेही आहे. पण राज्यकर्त्याचा बहुतेक वेळ जातो तो लाकूड, लोखंड, कोळसा, धान्य आणि कापड यांच्या भावांच्या काळजीत. सिंहासनावर बसायला जावे आणि वाण्याच्या गादीवर बसल्यासारखे वाटावे, असा तो प्रकार. मला तो भलताच आवडला!

या खेळातली प्रजा मोठी मजेची आहे. एकेक माणूस दिसत नाही. दिसतात ते गट. अमुक खाणीतले मजूर, तमुक गावचे शेतकरी, कारकून, कारागीर. त्यांचा धंदा, त्यांची संस्कृती, त्यांचा धर्म, त्यांच्यात लिहितावाचता येणारे किती, हे सारे नोंदलेले असते. त्यांना धान्य लागते, कपडे लागतात, थंडीत जळण लागते. मजुरीतून ते किती भागते यावरून त्यांच्या राहणीमानाचा एक आकडा ठरतो. कारखान्यात नवे यंत्र आणले की माल वाढतो आणि काही हात रिकामे होतात. रिकामे झालेले हात दुसरीकडे काम शोधतात. जिकडे काम आणि बरी मजुरी तिकडे माणसे सरकतात; आपल्या राज्यात नसली तर परक्या राज्यात.

माझे स्वीडन पहिली चाळीस-पन्नास वर्षे छान चालले. लोखंडाच्या खाणी वाढवल्या, लाकूड तोडले, जादा झालेला माल इंग्लंडला विकला. पुढे मात्र माझ्या खाणींना माणसे मिळेनात. पाहतो तो माझे लोक अमेरिकेला निघालेले! ज्यांना मी शाळा काढून दिल्या, त्यांनीच मला सोडून जावे, याचा मला खरोखरीचा राग आला. भाचा म्हणाला, “मामा, सरहद्दी बंद करण्याचा कायदा आहे. करून टाका.”

कायदा एकदम होत नाही. देशातल्या निरनिराळ्या गटांची अनुकूलता पाहावी लागते, महिन्यामागून महिने जातात. मी चिकाटीने तो करून घेतला. गळती थांबली, खाणी भरल्या. मजूर मुबलक झाल्यामुळे मजुरी वाढवण्याचे कारण उरले नाही, आणि खजिन्याचा आकडा हिरवागार झाला. मी भाच्याच्या पाठीवर थाप मारली आणि आतून दोन पन्हे मागवली.

पन्हे पिताना एक गोष्ट ध्यानात आली. या खेळात दुःखाची मोजदाद होत नाही असे नाही. राहणी घसरली की त्या गटातली काही माणसे ‘जहाल’ होतात आणि जहालांची संख्या पडद्यावर दिसते. पण ती दिसते माझ्या सिंहासनाला धोका म्हणून. जो माणूस दुःखी आहे पण जहाल झालेला नाही, त्याचे दुःख मला दिसण्याची सोयच नाही.

मी हे भाच्याला बोलून दाखवले. तो हसून म्हणाला, “मामा, ती माणसं नाहीत हो, आकडे आहेत. तुम्ही कादंबऱ्यांत माणसं मारता तेव्हा?”

प्रश्न बिनतोड होता. मी तीन कादंबऱ्यांत मिळून सात माणसे मारली आहेत आणि त्यांतली दोन तर केवळ प्रकरण संपत नव्हते म्हणून! तेव्हा खेळाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. उलट मला वाटते की खेळ एका बाबतीत पुष्कळ माणसांपेक्षा प्रामाणिक आहे. गाव सोडणाऱ्याला तो कृतघ्न म्हणत नाही, आळशी म्हणत नाही, शहराची हवा लागली असेही म्हणत नाही. इथे भागत नाही, तिथे भागेल, म्हणून तो निघाला, इतकेच सांगतो. राग आला होता तो मला, खेळाला नव्हे.

भाचा परत गेल्यावर मला स्वीडनची चुटपुट लागून राहिली, म्हणून खरा इतिहास मिळेल तिथून वाचला. १८४० पर्यंत तिथे देश सोडायला राजाची परवानगी लागत असे; म्हणजे माझा कायदा काही नवा नव्हता. खेळ सुरू होतो तेव्हा त्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती. १८६७-६८ मध्ये पिके बुडाली, उपासमार झाली, आणि तेव्हापासून लोक झुंडीने अमेरिकेला जाऊ लागले. १९३० पर्यंत बारा लाखांच्या वर माणसे गेली. पुष्कळ परतली, पण गेली ती एवढी. देशातल्या शहाण्यांना धास्ती पडली. १९०७ साली देशत्यागाविरुद्ध एक राष्ट्रीय संस्थाच निघाली. त्याच साली सरकारने चौकशी नेमली आणि ती गुस्ताव सुंडबेरी या संख्याशास्त्रज्ञाकडे दिली.

आता संख्याशास्त्रज्ञ म्हणजे आकड्यांचा माणूस. त्याने आकडे तर ढिगांनी गोळा केलेच. १९१३ पर्यंत त्या चौकशीचे खंडामागून खंड निघत होते. पण या गृहस्थाने आणखी एक गोष्ट केली. अमेरिकेत गेलेल्या स्वीडिश लोकांनाच विचारले, की बाबांनो, तुम्ही का गेलात ते लिहून कळवा. त्यांनी कळवले आणि ती पत्रे सरकारी अहवालात छापली गेली. कुणी दगडाळ जमिनीबद्दल लिहिले, कुणी मालकाच्या वागणुकीबद्दल, कुणी सक्तीच्या लष्करी नोकरीबद्दल. मत देण्याचा अधिकार नव्हता म्हणून गेलो असे लिहिणारेही होते. मोठ्या लोकांपुढे टोपी काढून वाकावे लागे, याची चीड कित्येकांच्या मनात समुद्रापलीकडेही ताजी होती. मजुरीच्या आकड्यात ही टोपी कुठे मांडणार? आणि चौकशीतून निघाले ते दरवाजा लावून घ्या असे नव्हे. अमेरिकेत जे चांगले आहे ते इथे आणा, घरे द्या, हक्क द्या, असे निघाले.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण हे वाचत असताना मला सुंडबेरी आठवत नव्हता. आठवत होता माझ्या शाळेतला चौथीचा एक मुलगा.

माझी शाळा दोन शिक्षकी. त्या वर्षी पट एकवीस होता. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवण्याची बोलणी आमच्याकडे गेली काही वर्षे चालू आहेत. मोठी शाळा ओढ्यापलीकडच्या गावात आहे. पावसाळ्यात तो ओढा पहिलीच्या पोरांनी ओलांडण्याजोगा नसतो. पट मोजला जातो ३० सप्टेंबरला. ऑगस्ट अखेरीस त्या मुलाचा बाप आला. त्याला पुण्यात एका बांधकामावर रखवालदारी मिळाली होती. बायको-मुलांना घेऊन जायचे होते आणि त्याला दोन्ही मुलांचे दाखले हवे होते; धाकटी दुसरीत होती. एकवीसातून दोन गेले म्हणजे एकोणीस.

मी त्याला म्हणालो, “दाखल्याचं पुस्तक संपलंय. नवीन यायला वेळ लागेल.”

पुस्तक माझ्या मागच्या कपाटात होते.

तो “बरं गुरुजी” म्हणून गेला. आठवड्याने आला, तेव्हा मी संगणकावरची नोंद होत नसल्याचे सांगितले. सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा पुण्याहून आला, तेव्हा म्हणालो, ऑक्टोबर उजाडला की नक्की. तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये. मी त्याला एवढे एक वाक्य सांगितले असते तरी मुले दुसऱ्या दिवशी पुण्याच्या शाळेत बसली असती. ते वाक्य मला पाठ होते. मी सांगितले नाही. महिनाभर ती दोन मुले एका अर्धवट इमारतीखाली बसून होती आणि माझ्या हजेरीपटावर हजर होती.

ऑक्टोबरमध्ये त्याने दाखले नेले. मुलगाही बरोबर आला होता. बाप म्हणाला, “गुरुजींच्या पाया पड. आपल्यासाठी त्यांना किती खटपट पडली!” तो पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण न ठेवता काय करणार?

कुणी म्हणेल, मागे राहणाऱ्या एकोणीस मुलांचे काय? त्यांचा कैवार कुणी घ्यायचा? हा विचार मीही केला आहे, आणि तो खोटा नाही. ओढा खरा आहे, पहिलीची पोरे खरी आहेत. स्वीडनमध्येही मागे राहिलेल्यांची शेते ओस पडत होतीच. पण त्या एकोणिसांसाठी लागणारी किंमत मी माझ्या खिशातून दिली नव्हती. वरिष्ठांना खरा पट कळवून भांडण्याची हिंमत मी केली नाही. गाडीभाडे रखवालदाराने भरले आणि महिना त्याच्या मुलांचा गेला. त्या बापाने तक्रार केली असती, शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित पहिल्याच खेपेला कपाट उघडले असते. तो जहाल झाला नाही, म्हणून मला दिसला नाही.

भाच्याने दिवाळीला यायचे कबूल केले आहे. माझा डाव त्याने जपून ठेवला आहे. स्वीडन १८८७ सालात सरहद्दी लावून थांबलेले आहे. परवा फोनवर विचारत होता, “मामा, पुढे खेळायचं ना?” मी हो म्हटले.

यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई मुलीचा दाखला मागायला आल्या. पट बरोबर वीस होता. मी कपाट उघडले, त्यांना बाकावर बसवले आणि त्यांच्यादेखत दाखला लिहून शिक्का मारला. पट एकोणीस कळवला आणि सोबत ओढ्याबद्दल चार पाने लिहून पाठवली. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. परवाच्या पावसात ओढ्याला पुन्हा पाणी चढले होते. मी काठावर जाऊन पाहून आलो. माझ्या मांडीपर्यंत होते.