मार्गासनीचा पाऊस गेला कुठे?

मार्गासनीचा पोरगा तू. आषाढात खाचरं कशी तुडुंब भरतात, लावणीला माणसं गुडघाभर चिखलात कशी उभी असतात, हे मी तुला सांगायचं? आणि तुझ्या तक्त्यात जुलैपेक्षा ऑक्टोबरचा पाऊस जास्त! वर त्याचा रंगीत आलेख काढून आणलास. एकदाही शंका आली नाही?

हवामान खात्याची ही पावसाची फाइल इथे पुण्यातच तयार होते. पाव अंशाची जाळी, १२९ अक्षांश, १३५ रेखांश, ३६५ दिवस. वर्षाला साडेत्रेसष्ट लाख आकडे. तुझ्या गावाजवळचा बिंदू १८.२५ उत्तर, ७३.७५ पूर्व. ६.५ पासून शून्य धरून मोजलं की अक्षांशाचा क्रमांक येतो ४७, आणि ६६.५ पासून रेखांशाचा २९. अ‍ॅरेत आधी दिवस, मग अक्षांश, मग रेखांश. तू २९ आधी लिहिलास, ४७ नंतर. दोन्ही हद्दीत बसतात, म्हणून पायथॉन गप्प राहिला आणि त्यानं तुला १३.७५, ७८.२५ चे आकडे दिले. नकाशा उघड आणि बघ: आंध्र-कर्नाटकची सीमा! तिथे पडतो जुलैपेक्षा ऑक्टोबरात जास्त पाऊस. मार्गासनीत नाही.

दुसरी चूक याहून वाईट. कोकण किनाऱ्यापर्यंतच्या पट्ट्याची सरासरी उणे आली, तेव्हा तू उणे आकडे शून्य करून टाकलेस. अरे, उणे ९९९ म्हणजे नोंदच नाही. ते समुद्रावरचे चौकोन होते. तू समुद्राला कोरडा ठरवून जमिनीचा पाऊस कमी केलास. तिथे नॅन भरायचं आणि नॅनमीन वापरायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. शिवाय हे सगळं स्लाइसवर केलंस. नमपायची साधी स्लाइस म्हणजे वेगळी प्रत नव्हे, मेमरी तीच. मूळ अ‍ॅरेतले आकडेही गेले, आणि पुढची तिन्ही कोष्टकं त्याच नासलेल्या अ‍ॅरेवर उभी केलीस. कॉपी लिहायला किती वेळ लागतो?

एकेका आकड्यावर फॉर-लूप फिरवलास, ते आज सोडतो. तो नुसता संथ आहे, खोटा नाही.

ही कोष्टकं फाड. फाइल नव्याने वाच, शेप छापून बघ, अक्षांश-रेखांशांच्या याद्या शेजारी ठेवून बिंदू शोध. जवळच्या वेल्ह्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळव आणि जुलैची बेरीज त्यांच्याशी ताडून पाहा. ते होईपर्यंत मला आलेख दाखवायचा नाही.